पॅकर्सनी काय मोडलं आणि काय नाही

जहाज आलं ते मागणी घेऊनच. दुरुस्ती तर करायचीच, पण त्याआधी माझ्या लेटरहेडवर लिहून द्यायचं, की सगळं नुकसान पॅकर्सनी केलं. मालक मर्चंट नेव्हीतले निवृत्त चीफ इंजिनिअर. धुळ्याचं घर बंद करून ऐन आषाढात मुलाकडे ठाण्याला राहायला आले होते. सामानात हे जहाज होतं, ‘कॉन्स्टिट्यूशन’. निवृत्तीनंतर किट मागवून त्यांनी स्वतः बांधलेलं.

शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती दुरुस्त करणं हा माझा धंदा. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी ‘सुतारकाम’ म्हणून मोकळा होतो. ते खोटंही नाही. पण निम्म्याहून जास्त वेळ दोऱ्यातच जातो.

खरी ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकेची युद्धनौका, 1797 साली बॉस्टनला पाण्यात उतरली आणि आजही तिथेच उभी आहे. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सुमारे 305 फूट, मुख्य डोलकाठी 220 फूट. चीफ साहेबांचं किट 1:76.8 प्रमाणाचं, म्हणजे जवळपास चार फूट लांब आणि तीन फुटांना थोडं कमी उंच. एवढ्या आकाराचं जहाज टेबलावर ठेवलं की खोलीत माणसांनी कडेकडेने चालायचं असतं.

पहिल्या नजरेला काय दिसत होतं ते सांगतो. जहाजाच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, पुढे तिरकी झेपावणारी जाड काठी म्हणजे बोस्प्रिट. तिच्या पुढे जोडलेली बारीक काठी म्हणजे जिब-बूम. जिब-बूम मुळापाशी मोडून दोऱ्यांना लोंबत होती. पुढची डोलकाठी मागे कललेली, मधली तिच्या मागोमाग. वरचे बारीक दोर सैल पडून झोळ आले होते. चीफ साहेब म्हणाले, “बघा, पोरांनी पेटी आपटली आणि सगळं जहाज हललं.”

“पेटी आणलीत का?”

आणली होती, पुरावा म्हणून. प्लायवूडच्या पेटीला पुढच्या बाजूला आतून एक घासल्याचा ओरखडा होता आणि त्याच उंचीवर जिब-बूमच्या टोकाचा काळा रंग लागला होता. म्हणजे जहाज आत पुढे सरकलं आणि टोक पेटीवर आदळलं. मोडही ताजी होती, रेषे पांढरे, टोकदार. इथवर त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण जिब-बूम मोडल्याने पुढची डोलकाठी एवढी कलत नाही. जिब-बूमवर येतो तो वरच्या बारीक काठ्यांचा ताण. डोलकाठीला पुढून धरणारे जाड दोर, म्हणजे फोरस्टे आणि त्याच्या वरचा टॉपमास्टचा, म्हणजे डोलकाठीच्या वरच्या भागाचा, स्टे, हे बोस्प्रिटवर येऊन बांधलेले असतात. आणि बोस्प्रिट तर शाबूत होता.

माझ्याकडे काम शिकणारी मुलगी टॉर्च घेऊन नाळेशी वाकली होती. ती म्हणाली, “दादा, इथे जाळं आहे.”

बोस्प्रिट जिथे जहाजाच्या अंगात शिरतो तिथे वरच्या बाजूने घट्ट बसला होता, पण खालच्या बाजूला फट होती. नखाची कड जाईल एवढी. फटीत धूळ आणि कोळ्याचं जुनं, काळपट जाळं. ठाण्याला सामान येऊन आठवडा झाला नव्हता. एवढी धूळ आठवड्यात बसत नाही, आणि कोळी पॅकर्सच्या ट्रकमध्ये घर करत नाही.

मी चीफ साहेबांना जहाजाचे जुने फोटो मागितले. त्यांना ते रुचलं नाही, पण मोबाइल काढला. दिवाळीतला फोटो होता, नातू जहाजाशेजारी उभा. बाजूने काढलेला, म्हणून आमचं काम झालं. फोटो मोठा करून बोस्प्रिटचा कोन आराखड्याशी ताडून पाहिला. दिवाळीतच तो वर उचललेला होता. थोडा, पण होता.

आता हे का झालं, ते नाळेच्या खाली पाहिल्यावर कळलं. शिडाच्या जहाजात दोर दोन जातींचे. एक हलते, म्हणजे शिडं आणि आडव्या काठ्या ओढायचे. दुसरे स्थिर, काळे, डांबर फासलेले, काठ्यांना जागेवर धरून ठेवणारे. स्थिर दोरांची मेख अशी, की प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर उभा असतो. मधल्या डोलकाठीच्या वरच्या भागाचा स्टे पुढच्या डोलकाठीच्या माथ्यावर येतो. पुढच्या डोलकाठीचे स्टे बोस्प्रिटवर येतात. सगळे मिळून बोस्प्रिटला वर आणि मागे खेचतात. त्याला खाली धरायचं काम बॉबस्टे करतात. बोस्प्रिटपासून निघून पाण्याच्या रेषेकडे, नाळेच्या पुढच्या लाकडापर्यंत उतरणारे हे आखूड दोर बघणाऱ्याच्या नजरेतही भरत नाहीत. तीन डोलकाठ्यांचा हिशेब शेवटी त्यांच्यावर येऊन ठेपतो.

खऱ्या जहाजात बॉबस्टे नाळेच्या लाकडाला आरपार भोक पाडून त्यातून ओवलेला असतो. किटच्या आराखड्यातही भोक दाखवलेलं होतं. चीफ साहेबांनी तोवर तळाला तांब्याच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या होत्या आणि तिथे ड्रिल चालवायला त्यांचा हात धजला नाही. त्यांनी पितळेची छोटी कडी टोचून त्यात दोर अडकवला. दिसायला हुबेहूब. धरायला काही नाही. दोन्ही कड्या लाकडातून उपसून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

बाकीचं हवेने केलं. किटमधला दोरा सुती होता. सुती पिळाचा दोरा दमट हवेत फुगतो आणि आखडतो, कोरड्या हवेत सैलावतो. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड आकसून बोस्प्रिटचा सांधा ढिला झाला. पावसाळ्यात दोरे ताणले आणि तो वर उचलला गेला. खाली धरणारं कुणी नव्हतंच. ठाण्याच्या पावसाने त्यात भर घातली असणार.

मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे पत्र देणार नाही तुम्ही.”

“जिब-बूमचं देतो. ती त्यांनीच मोडली. बाकीचं देत नाही.”

आमच्या धंद्यात असं पत्र देणं सोपं असतं, कुणी तपासायला येत नाही. पण चीफ इंजिनिअर राहिलेला माणूस, आयुष्यभर इंजिनच्या बिघाडाचे अहवाल लिहिलेला. त्याने दुसऱ्याच दिवशी मनातून मला नापास केलं असतं. त्यांनी चहा मागितला, तेव्हा मी ओळखलं की जहाज आता इथेच राहणार.

पुढचा वाद कामाचा. मी बॅकस्टे सोडायला घेतले. हे दोर डोलकाठीच्या वरच्या भागापासून मागे, जहाजाच्या कडेला येतात. त्यांची टोकं डेडआयमध्ये, म्हणजे तीन भोकांच्या लाकडी चकत्यांच्या जोडीत, बारीक दोरीने आवळलेली असतात. चीफ साहेब खुर्चीतून उठलेच. “अहो, हे तर ठीक आहेत! बिघडलंय पुढे, तुम्ही मागचं काय सोडता?”

बरोबरच होतं त्यांचं. बॅकस्टे ठीक होते, आणि ठीक होते म्हणूनच डोलकाठी मागे कलली होती. पुढून धरणारा सुटला आणि मागून ओढणारा ओढतच राहिला. तसंच ठेवून पुढचे दोर आवळले असते तर बोस्प्रिट पुन्हा वर आला असता, नाहीतर वरची बारीक काठी धनुष्यासारखी वाकली असती.

त्यांनी गाठींना दोन प्रकारचा गोंद लावला होता. जिथे पाणी घालून पातळ केलेलं फेव्हिकॉल होतं तिथे कोमट पाण्यात बुडवलेला ब्रश जरा वेळ टेकवला की गाठ सुटायची. जिथे सुपरग्लू होता तिथे दोरा काचेसारखा कडक झालेला. तिथे ब्लेड, दुसरा उपाय नाही. नवीन माणसाला मी नेहमी सांगतो, की रिगिंगमध्ये, म्हणजे जहाजाच्या दोरकामात, सुपरग्लू आणायचाच नाही. गाठ आज बसते, पण पाच वर्षांनी कुणाला तरी सोडावी लागतेच.

बोस्प्रिट खाली बसवून चिकटवला. नाळेत एक मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोकं पाडली, हातानेच, पिन-व्हाइसने. तांब्याची एक पट्टी उचकटली, ती पुन्हा बसवली. जिब-बूमच्या मोडलेल्या दोन्ही टोकांत पितळेची तार रोवून इपॉक्सी लावलं. नवी काठी तासणं झटपट झालं असतं, पण त्यांना तीच हवी होती.

इपॉक्सी वाळेपर्यंत बसायचंच होतं, म्हणून मी त्यांना विचारलं, या जहाजाने जिब-बूम मोडून एक लढाई जिंकली, ठाऊक आहे का? स्वतःची नाही, समोरच्याची. 29 डिसेंबर 1812, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ. समोर इंग्रजांची ‘जावा’. कॉन्स्टिट्यूशनचा कप्तान बेनब्रिज, त्याच्या नोंदवहीत वेळा लिहिलेल्या आहेत. दुपारी तीनला शत्रूच्या बोस्प्रिटचं टोक आणि जिब-बूम उडाली. 3:05 ला पुढची डोलकाठी. 3:15 ला मधल्या डोलकाठीचा वरचा भाग. 3:55 ला मागची. डोलकाठ्या पडल्या त्या तोफगोळ्यांनी, नुसते दोर तुटून नव्हे, हे कबूल. पण पुढचं टोक गेल्यावर पुढची शिडं गेली, शिडं गेल्यावर जहाज वळेना, आणि न वळणाऱ्या जहाजाला मागून झोडपणं सोपं. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक त्याआधीच उडालं होतं. तरी ती खालून दोरखंडांनी सुकाणू ओढत वळत राहिली, कारण तिच्या काठ्या उभ्या होत्या. जावा एवढी मोडली, की तिला घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. जाळून टाकली.

“आणि जावा चालली होती कुठे? मुंबईला. आपल्या गोदीत बांधायच्या जहाजांसाठी तांबं घेऊन. ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे आराखडेही तिच्यावरच होते. ते गेले, पुन्हा पाठवावे लागले. वाडियांनी ते जहाज मग 1817 च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात सोडलं. जावावर एक सेनापतीही होता, हिंदुस्थानात रुजू व्हायला निघालेला. कैद झाला, मग शब्दावर सोडून दिला. थॉमस हिस्लॉप.”

चीफ साहेबांनी कप खाली ठेवला. “थाळनेरचा हिस्लॉप?”

आता चकित व्हायची पाळी माझी होती. हिस्लॉप म्हटल्यावर मला महिदपूर आठवतं, डिसेंबर 1817, होळकरांचा पराभव. थाळनेरचं मी कुठेतरी वाचलं होतं, इतकंच. चीफ साहेबांचं गाव शिरपूर तालुक्यातलं, थाळनेर तापीकाठी तिथून जवळ. त्यांनीच सांगितलं. तहात किल्ला इंग्रजांना द्यायचा ठरला होता, किल्लेदार अडून राहिला. फेब्रुवारी 1818 मध्ये हिस्लॉप फौज घेऊन आला. दरवाज्यात झटापट होऊन इंग्रजांचे अधिकारी पडले, त्यावर आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिलं. लहानपणी ते त्या पडक्या बुरजांवर खेळले होते. वर्षानुवर्षं दोऱ्या बांधल्या ते हेच जहाज, ज्याने त्या माणसाला पाच वर्षं आधी समुद्रात पकडलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

“आणि सोडून दिला,” ते म्हणाले. “शब्दावर.” मग माझ्या सहायक मुलीकडे वळून, “बघितलंस?” ती काय बघणार, ती त्या वेळी दोऱ्याला मेण लावत होती.

बॉबस्टे आवळायची वेळ आली तेव्हा ते घरी जायला तयार नव्हते. सोपं काम आहे, पण घाईचं नाही. मी पुढे बॉबस्टेची दोरी थोडी ओढायची, मग फोरस्टे थोडा, मग मागे बॅकस्टे. मुलगी ओळंबा धरून डोलकाठीकडे बघत. पुन्हा पुढे. कुठल्याही एका दोराला सगळं काम एकदम करू द्यायचं नाही. तीन-चार फेऱ्यांनी पुढची डोलकाठी ओळंब्याला आली. मधल्या काठीला आम्ही हातही लावला नव्हता. पुढचीच्या माथ्यावरून तिचा दोर ताठ झाला आणि तीही सरळ झाली. चीफ साहेबांनी बोटाने बॉबस्टे छेडून पाहिला, इंजिनवरचा पाइप वाजवून बघतात तसा. काही बोलले नाहीत.

हलत्या दोरांचं काम नंतर त्यांनी घरी नेलं. खुंट्यांवर टांगायच्या दोरांच्या वेटोळ्यांपुरतं मी दाखवून दिलं. लहान प्रमाणात दोऱ्याला वजन नसतं, त्यामुळे वेटोळं खाली लोंबायच्या ऐवजी हवेत उभं राहतं. ते वेगळं साच्यावर गुंडाळून, पातळ फेव्हिकॉलने ओलं करून, खाली ओढून वाळवायचं. बऱ्याच सुंदर जहाजांची कळा इथेच जाते.

पॅकर्सनी कुरकुर करत जिब-बूमचे पैसे दिले, कारण पत्रात तेवढंच होतं आणि ओरखड्याचा फोटो जोडलेला होता. चीफ साहेबांना आता ट्रिंकोमाली करायची आहे. खरी अजून तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूलला. किटच्या भानगडीत पडायचं नाही म्हणतात, आराखड्यावरून बांधायची, आणि सागवानात. मी सांगतोय, सागाचे रेषे जाड असतात, एवढ्या लहान प्रमाणात फळ्या ओबडधोबड दिसतील, नाशपातीचं लाकूड घ्या. “मुंबईचं जहाज आणि साग नाही?” एवढं बोलून फोन ठेवतात. काल पुन्हा आला होता. शिरपूरच्या जुन्या वाड्याचं एक दार निघालंय म्हणे, शंभर वर्षांचं, ते पाठवू का विचारत होते.