आमची वाटचाल: फाउंड्रीच्या पॅटर्नपासून घरातल्या कर्ण्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मूळ काम पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्यांचं. वडील फाउंड्र्यांसाठी सागवानी पॅटर्न करायचे, मी तिथंच हात बसवला. बंद पडलेल्या एका टॉकीजचे जुने कर्णे दुरुस्तीला आले आणि डोक्यात हे खूळ शिरलं. चार-पाच वॅटच्या ॲम्प्लिफायरवर अख्खी शेड दणाणली. मग असले कर्णे घरात का नाहीत?

अडचण जागेची. 50 हर्ट्झच्या, म्हणजे खोल बेसच्या, लाटेची लांबी जवळजवळ 7 मीटर. कर्ण्यातून ती नीट बाहेर पडायची, तर मोकळ्यावर तोंडाचा घेरही साधारण तेवढाच लागतो. व्यास दोन मीटरच्या वर. अमेरिकेच्या पॉल क्लिप्श यांनी 1940च्या दशकात यावर तोड काढली. कर्ण्याला घड्या घातल्या आणि पेटी कोपऱ्यात सरकवली. भिंती नि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग. डोकं आहे बघा! पण आपल्याकडं एका कोपऱ्यात देवघर, दुसऱ्यात गाद्यांचा ढीग. शिवाय घड्यांतून बेस वळसा घालून येतो, वरचे सूर सरळ येतात, आणि दोघांची वेळ चुकते.

म्हणून बेस कर्ण्यात कोंबायचा नाद आम्ही सोडला. खाली 15 इंची कोन, म्हणजे शंकूसारख्या पडद्याचा साधा स्पीकर, पोर्टच्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) पेटीत, साधारण 800 हर्ट्झच्या वर कर्णा. यात तोटा आहेच. कर्ण्यावरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या मागं बसवलेला आवाज काढणारा भाग, एका वॅटला, एक मीटरवर 105 डेसिबलच्या पुढं जातो, कोन 95 च्या आसपास राहतो. जुळवायला वरचे 10 डेसिबल रेझिस्टरमध्ये जाळावे लागतात. ज्या गुणासाठी कर्णा आणला तोच मारायचा, असं म्हणून काहीजण नाक मुरडतात. मुरडू देत. ड्रायव्हरचा पडदा जेमतेम हलतो, त्यामुळं आवाज फाटत नाही. आणि तो छताला, बाजूच्या भिंतींना आपटण्याऐवजी ऐकणाऱ्याकडं येतो. 15 इंची कोनही त्याच पट्ट्यात अरुंद व्हायला लागतो, म्हणून सांधा कानाला कळत नाही.

खरा कस गळ्याशी, म्हणजे कर्ण्याच्या अरुंद टोकाशी. ड्रायव्हरचं तोंड नि कर्ण्याचा गळा यांत नखाला लागेल एवढी पायरी राहिली तरी वरचे सूर बिघडतात. ॲल्युमिनियम गार होताना सव्वा टक्क्याच्या वर आकसतं, ते पॅटर्नमध्येच धरायचं. इथं वडिलांची विद्या कामाला आली. ओतीव कर्णा घंटेसारखा वाजतो, म्हणून बाहेरून डांबरी फेल्ट चिकटवतो.

पास-नापास गाण्यावर ठरतं. जयपूर गायकीचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते; ती गायकी ऐकलेले कान या गावात अजून आहेत. तोंडाची कड नीट वळवलेली नसली, की आवाज आत परततो आणि गाणारा नाकात बोलतो. असल्या श्रोत्यापुढं आमचा मोजमापाचा ग्राफ चालत नाही.

गिऱ्हाइकाला आधी खोलीचं माप विचारतो. कोन नि कर्णा यांचा आवाज एकजीव व्हायला अडीच-तीन मीटर अंतर हवं. दहा बाय दहाच्या खोलीला आम्ही सरळ नाही म्हणतो, साधे बुकशेल्फ स्पीकर घ्या सांगतो. मिरवणुकीला डॉल्बी मागणारे चहा पिऊन परत जातात.

पोरांचे पगार अजून पॅटर्नच्या कामावरच निघतात.