जावा ८ वर अडणारा प्लगिन

आजचा सबंध दिवस मेव्हन या जावा प्रोग्रॅम बांधण्याच्या साधनासाठी लिहिलेल्या आमच्या प्लगिनमधील (जोड-प्रोग्रॅममधील) एकाच दोषामागे गेला आणि तो सापडल्याचे समाधान अजून मनात आहे. जावा १७ वर बांधलेला हा प्लगिन ११ आणि १७ वर व्यवस्थित चालत होता, परंतु जावा ८ वर फाइल वाचताना 'नो सच मेथड एरर' (हवी ती मेथड, म्हणजे क्लासमधील कृती, सापडत नाही) देऊन थांबत होता. कंपाइलरचे 'सोर्स' (कोड कोणत्या आवृत्तीचा) आणि 'टार्गेट' (तयार फाइल कोणत्या आवृत्तीसाठी) हे पर्याय दोन्ही ८ होते, क्लास फाइलचा, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलचा, आवृत्ती क्रमांकही ५२, म्हणजे जावा ८ चाच. त्यामुळे सकाळभर मी भलतीकडेच शोधत राहिले.

मूळ निघाले 'बाइटबफर' या बाइट साठवणाऱ्या जावाच्या तयार क्लासच्या 'फ्लिप' मेथडमध्ये. जावा ८ पर्यंत ती 'बफर' या पालक-क्लासकडून येत असे आणि 'बफर' परत देत असे. जावा ९ पासून 'बाइटबफर'ला स्वतःची फ्लिप मिळाली, जी 'बाइटबफर' परत देते. टार्गेट केवळ बाइटकोडची (क्लास फाइलमधील सूचनांची) आवृत्ती ठरवते, लायब्ररी, म्हणजे तयार क्लासचा संग्रह, मात्र कंपाइल करणाऱ्या जेडीकेचीच (जावाच्या विकास-संचाचीच) घेतली जाते, म्हणून जावा ८ ला ठाऊकच नसलेल्या मेथडची नोंद आमच्या क्लास फाइलमध्ये झाली होती.

जावा ९ पासून आलेला 'रिलीज' हा पर्याय ८ वर ठेवताच जावा ८ चीच लायब्ररी गृहीत धरली गेली आणि कोडची एकही ओळ न बदलता दोष गेला. जावा ८ चा कंपाइलर हा पर्याय ओळखत नसल्याने त्या कंपाइलरसाठी मेव्हनमध्ये वेगळे प्रोफाइल (सेटिंगचा संच) लिहिले. जुन्या सर्व्हरवर अडकलेल्या सहकाऱ्यांची मला खरोखर काळजी होती. उद्या त्यांना नवी आवृत्ती मिळेल.