काकांचं नर्सिंग होम, काकूंची बचत

गावाकडून फोन आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुमच्याकडे काय, म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं." म्हणून हे लिहितेय.

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं आहे, सत्तरच्या दशकात इथे आलेलं. काकांना पार्किन्सन्स. काकूंनी बरीच वर्षं घरीच सगळं केलं, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईनं रोज त्यांना उचलायचं तरी किती? शेवटी चोवीस तास देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं. खर्च महिन्याला 10,000 डॉलरच्या वर.

पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, हा खर्च उचलत नाही. हॉस्पिटलात किमान 3 दिवस भरती राहिल्यावर पुढच्या उपचारांना ते जास्तीत जास्त 100 दिवस पैसे देतं, त्यातले पहिले 20 दिवसच पूर्ण मोफत. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे जे वर्षानुवर्षं लागतं, त्याचा खर्च मेडिकेड ही दुसरी सरकारी योजना देते. ते मात्र गरिबांसाठी. एकट्या माणसाच्या नावावर साधारण 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. पुण्यातला फ्लॅट आणि एफडीही अर्जात दाखवाव्या लागतात.

घाबरून मुलगा म्हणाला, घर माझ्या नावावर करून टाका. बरं झालं, आधी वकिलाकडे गेले. मेडिकेड मागच्या 5 वर्षांचे बँकेचे कागद तपासतं. त्या काळात कुणाला घर किंवा पैसे दिले असतील, अगदी नातीच्या फीसाठी दिले असले तरी, त्या रकमेच्या हिशेबात तितके महिने मदत रोखली जाते. गिफ्ट टॅक्समध्ये, म्हणजे भेटीवरच्या करात, मिळणारी वार्षिक सूट इथे चालत नाही. मुलगा आधी 2 वर्षं सोबत राहून सेवा करत असता, तर घर त्याला देता आलं असतं.

पण मागे राहणाऱ्या जोडीदाराला कंगाल करू नये, अशी तरतूद 1988 पासून कायद्यातच आहे. काकू राहतात तोवर घर हिशेबात धरत नाहीत, आणि बचतीतला निम्मा वाटा त्यांना ठेवता येतो (2025 साली जास्तीत जास्त 1,57,920 डॉलर). काकांचा उरलेला वाटा त्या 2,000 च्या आत आणायचा होता, म्हणून त्यातून गळकं छप्पर दुरुस्त झालं, अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरले गेले. दोघांच्या पश्चात सरकार घरातून वसुली मागू शकतं, तो भाग वेगळा.

कुणी याला पळवाट म्हणतं. मला अजिबात पटत नाही. आयुष्यभर कर भरलेल्या बाईनं नवऱ्याच्या आजारापायी स्वतःचं म्हातारपणही विकायचं का?

आईवडिलांना ग्रीन कार्डावर बोलावणार असाल, तर त्यांना साधारण पहिली 5 वर्षं मेडिकेड नाही, हे धरूनच चाला. आणि पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) ते शुद्धीत, समजून सही करू शकतात तोवरच करून घ्या. नंतर कोर्टाची पायरी चढावी लागते.