पहिल्या थेंबाचा रंग उशिरा का जातो?

अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून घालत तीव्रता काढण्याच्या प्रयोगात, ब्युरेटमधून (खुणा आणि कॉक असलेल्या काचनळीतून) ऑक्झॅलिक आम्लात पोटॅशियम परमँगनेटचा पहिला थेंब पडतो, द्रावण गुलाबी होतं आणि तसंच राहतं. पुष्कळ मुलं इथेच फसतात. अंत्यबिंदू, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला असं समजून कॉक बंद करतात. फ्लास्क हलवत थोडं थांबा, रंग जाईल. पुढचे थेंब मात्र पडता पडता विरघळून रंगहीन होतात.

असं का होतं? या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयन तिलाच वेग देतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून ती रेंगाळते. हे पुस्तकावर विश्वास ठेवून मान्य करू नका, तपासा. दोन फ्लास्कमध्ये प्रत्येकी १० मिली ०.०५ मोलर (एका लिटरमध्ये ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्ल आणि १० मिली विरल सल्फ्युरिक आम्ल घ्या. गरम करू नका. एकात मँगनीज सल्फेटचे चार-पाच कण विरघळवा. दोन्हींत १ मिली ०.०२ मोलर परमँगनेट घालून रंग जायला किती सेकंद लागतात ते मोजा. फरक फक्त त्या कणांचा हवा. एक फ्लास्क कोमट असेल, तर वेग कशामुळे वाढला हे सांगताच येणार नाही.

प्रत्यक्ष अनुमापनात द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. थंड द्रावणात अभिक्रिया मंदावते आणि फार तापवलं तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं. आम्ल कमी पडलं की तपकिरी गाळ येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. ते रीडिंग सोडून द्या. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं आणि विषारी क्लोरीन सुटतो.

२५० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लासाठी १.५७५ ग्रॅम स्फटिक लागतात. इथे रेणुभार १२६ धरायचा. स्फटिकातलं पाणी विसरून ९० धरला, तर द्रावण सुमारे २९ टक्के कमी तीव्र होतं.

ब्युरेट पाण्याने धुतल्यावर थोड्या परमँगनेटने विसळा, फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा आधीच काढा, तो मध्येच सुटला तर रीडिंग उगाच वाढतं. फनेलही काढून ठेवा. परमँगनेट गडद असल्याने वाचन द्रवाच्या वरच्या कडेशी घ्यायचं, डोळे त्याच पातळीवर ठेवून.

पिपेटमध्ये (ठरावीक माप घेण्याच्या नळीत) द्रावण तोंडाने ओढू नका, ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. रबरी फुगा वापरा. सल्फ्युरिक आम्ल विरल करताना नेहमी आम्लच पाण्यात, थोडं थोडं, ढवळत घाला. उलट केलं तर उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. डोळ्यांवर गॉगल हवाच.

फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिकला ०.०२ मोलर परमँगनेट १०.० मिली लागायला हवं. १०.३ आलं तर वहीत १०.३ लिहा, मग बुडबुडा आणि वजन या क्रमाने तपासत जा.