लेथचा चुरा आणि पांढरा राहिलेला कागद

सांगलीजवळच्या एका एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, मी लॅब बघते. आमच्याकडं स्लज, म्हणजे सांडपाण्यातला गाळ, डायजेस्टरच्या बंद टाकीत जातो, हवा लागू न देता 35-37 डिग्रीला वीसेक दिवस मुरतो आणि गॅस सुटतो, त्यात साधारण 60-65 टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साईड. आणि थोडाच पण फार त्रासाचा तो हायड्रोजन सल्फाईड. या गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचं ऑइल काळं करतो, बेअरिंग खातो. मागच्या खेपेला इंजिन खोललं तेव्हा मेकॅनिक ते बेअरिंग हातात धरून नुसता बघत बसलेला, ते मला विसरता येत नाही.

तेव्हा आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, "मॅडम, लोखंड घालून बघायचं काय ओ? कुपवाडात लेथवाल्यांकडं चुरा पडलेलाच असतोय." म्हणणं बरोबर होतं, लोखंड सल्फाईडला धरून ठेवतं, शिवाय हवेशिवाय पाण्यात गंजताना हायड्रोजन सुटतो आणि तो घेऊन आपले जंतू कार्बन डायऑक्साईडचाच मिथेन करतात. पण डायरेक्ट टाकीत टाकायला माझं मन धजावेना. जंतूंचं एकदा बिनसलं की पीएच खाली येतो, गॅस बसतो आणि मग चुना की सोडा असं करत महिना निघून जातो.

म्हणून आधी बाटल्या लावल्या. लिटर लिटरच्या, वॉटर बाथमध्ये 37 डिग्रीला. दोनात नुसता स्लज, दोनात चुरा, दोनात उसाच्या चिपाडाचा कोळसा. चुरा मामांनी सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुतला, कारण त्यावर कटिंग ऑइल असतं, ते आत जाऊन चालणार नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी लेड ॲसिटेटचे कागद, जे हायड्रोजन सल्फाईड लागला की काळे पडतात, ओले करून एकेका नळीच्या तोंडाशी धरले. साध्या बाटलीचा कागद बघता बघता तपकिरी झाला, मग पार काळा, चांदीसारखी झाक मारायला लागला. मग चुऱ्याची बाटली. मी धरून उभी, मामा माझ्या खांद्यावरून बघतायत, आणि कागद पांढराच. मला वाटलं नळी चोंदली असेल, म्हणून नळी पाण्यात बुडवून बघितली तर बुडबुडे व्यवस्थित येत होते. दुसरी बाटली, तीही तशीच! कडेला फक्त फिकट पिवळट रेघ. बाटलीच्या तळाला मात्र स्लज आणखी काळाकुट्ट झालेला, म्हणजे सल्फाईड तिथं जाऊन बसलं होतं.

नंतर गॅस कार्बन डायऑक्साईड शोषून घेणाऱ्या कॉस्टिकच्या पाण्यातून सोडून मिथेन मोजला तर सिलिंडरमध्ये साध्यापेक्षा दोन बोटं जास्तच. कोळशाची बाटली सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं होती पण शेवटी साध्याच्या जवळच आली, तिची मात्रा बदलून मी परत लावणारे.

काळा आणि पांढरा, दोन्ही कागद वहीत चिकटवले, खाली तारीख टाकली. तोवर मामा गाडीला किक मारत होते, कुपवाडला निघालेले, या वेळी रिकाम्या चार गोण्या मागं बांधून.