माल्कम साहेबांचं टीए बिल

आयुष्यातली एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची टीए, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं तपासण्यात घालवली. कुठल्या हापिसात ते विचारू नका, पण रिक्षाची पावती नाही म्हणून चाळीस रुपये कापणारा आणि त्यासाठी शिव्या खाणारा जो माणूस असतो ना, तो मी. त्यामुळे इतिहास वाचताना लोक लढाया वाचतात, माझी नजर मात्र खर्चाच्या रकान्याकडे जाते, सवयच लागलीय, काय करणार.

गेल्या महिन्यात महाबळेश्वरला गेलो होतो. तिथल्या बाजारपेठेला जुनी माणसं अजून मालकमपेठ म्हणतात. हा माल्कम म्हणजे सर जॉन माल्कम, १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन त्याच्या बदल्यात त्याने महाबळेश्वर घेतलं आणि महाराजांनी पेठेला त्याचंच नाव दिलं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण मला हा माणूस आवडतो तो वेगळ्याच कारणाने. कंपनी सरकारच्या अख्ख्या काळात खर्चाचे एवढे वाद अंगावर घेतलेला आणि तरी दरवेळी बढती मिळवलेला दुसरा साहेब मला सापडलेला नाही.

सुरुवात इराणपासून. १७९९ च्या डिसेंबरअखेरीस गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याला मुंबईहून तेहरानला वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत, म्हणून पाठवलं. वय तीस. फ्रेंचांचा इराणमध्ये शिरकाव होऊ नये आणि काबूलचा अफगाण राजा जमानशाह याला पाठीमागून शह बसावा हे काम. बरोबर लवाजमा किती, तर नोकरचाकर, शिपाई सगळे धरून पाचशेच्या घरात! आणि नजराणे? घड्याळं, पिस्तुलं, आरसे, झुंबरं. वाटेतल्या प्रत्येक सुभेदाराला काहीतरी, त्याच्या कारभाऱ्याला काहीतरी, आणि शेवटी इराणचा राजा फतेह अली शाह याच्यापुढे तर हात पूर्ण सैल. माल्कमचं म्हणणं असं की इराणी दरबारात दिखावा नसेल तर कोण विचारणार नाही. मी असतो तर पहिल्याच पानावर शेरा मारला असता, 'इतक्या झुंबरांचे प्रयोजन काय?' १८०१ च्या जानेवारीत तह झाला, छान झाला, आणि १८०७ मध्ये शाहने नेपोलियनशी करार करून टाकला. म्हणजे झुंबरं गेली ती गेलीच.

मधेच १८०२ मध्ये मुंबईत एक भयंकर प्रकार झाला. शाहचा वकील हाजी खलील खान मुंबईत उतरला होता, त्याची माणसं आणि कंपनीने पहाऱ्याला दिलेले शिपाई यांच्यात भांडण जुंपलं, सोडवायला तो स्वतः मधे पडला आणि गोळी लागून मेला. परदेशी वकील, तोही आपल्याच पहारेकऱ्यांच्या हातून! कंपनीची गाळण उडाली. निस्तरायला पुन्हा माल्कमलाच मुंबईला पाठवलं, आणि त्याने नुकसानभरपाई, पेन्शनी, भेटी यात असा काही पैसा ओतला की शिराझचा एक मंत्री म्हणे म्हणाला, याच भावाने पैसे देणार असाल तर इंग्रजांनी आमचे आणखी दहा वकील मारले तरी चालेल. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट लिहून ठेवलीय खुद्द इंग्रजांनीच.

आता खरी मजा १८०८ ची, आणि ही मी जरा सावकाश सांगणार आहे कारण यात माझ्या धंद्याचा सगळा अर्क आहे. इराणात फ्रेंच जनरल गार्दान येऊन बसला तसे इंग्रज घाबरले. पण घाबरले दोन ठिकाणी, एकमेकांना न विचारता. कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल मिंटोने (मोर्ले-मिंटो वाला नव्हे, त्याचे पणजोबा) माल्कमला पाठवलं, आणि तिकडे लंडनहून राजाच्या नावाने हारफर्ड जोन्स नावाचा वकील निघाला, जो आधी बगदादला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे तिथला प्रतिनिधी, होता. एक देश, एक शाह, आणि इंग्रजांचे वकील दोन! माल्कम मे महिन्यात बुशहर बंदरात उतरला, त्याला तेहरानला येऊ देईनात, शिराझच्या शहजाद्याशी काय ते बोला म्हणाले, हा तापट गडी जुलैत रागाने जहाजात बसून परत फिरला. जोन्स मुंबईत वाट बघत बसलेला. माल्कमचं फिसकटल्यावर तो सप्टेंबरात निघाला. इकडे कलकत्त्यात मिंटोचं मन बदललं, आता इराणच्या आखातातलं खार्ग बेट ताब्यात घेऊन जरब बसवायची असं ठरलं, जोन्सला थांबवा म्हणून पत्र धाडलं. पत्र पोचेपर्यंत पाखरू उडून गेलेलं.

जोन्सने तेहरान गाठलं, राजाने शाहसाठी दिलेला मोठा हिरा पेश केला, मार्च १८०९ मध्ये तहाचा मसुदा सहीशिक्क्यानिशी पक्का केला. आणि मिंटोने काय केलं? जोन्सच्या हुंड्या नाकारल्या.

हे नीट समजून घ्या. त्या काळी वकील काही पैशाच्या पेट्या घेऊन फिरत नसे. गावात जायचं, तिथल्या सराफाला हुंडी लिहून द्यायची की एवढी रक्कम कंपनी सरकार हिंदुस्थानात देईल, आणि रोकड घ्यायची. सराफ ती हुंडी आपल्या आडत्याकडे पाठवणार आणि तो ती सरकारात वटवणार. सगळा मामला पत असण्यावर. हुंडी न सकारता परत आली की तो वकील बाजारातून उठला, मग त्याच्या अंगावर राजाचा पोशाख असो नाहीतर शाहचा. मिंटोचा मुद्दा असा की पाठवलंय लंडनने, हुकूम ऐकतो लंडनचा, मी परत फीर म्हटलं तर ऐकत नाही, आणि खर्च टाकतो माझ्या तिजोरीवर. जोन्सचा मुद्दा असा की मी राजाचा वकील, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल कोण मला परत बोलावणारा? शाहच्या दरबाराला तर इंग्रजांचं नक्की सरकार कुठलं हेच कळेना.

खरं सांगू का, मी मिंटोच्या बाजूचा आहे. वाद किती खर्च झाला याचा नव्हताच मुळी, कुठल्या हेडला, म्हणजे कुणाच्या खात्याला, टाकायचा याचा होता. माझ्या टेबलावरची निम्मी भांडणं हीच असायची, दौरा एका विभागाच्या सांगण्यावरून आणि बिल दुसऱ्या विभागाला. पण शेवटी तह उपयोगी ठरला म्हटल्यावर मिंटोलाही मान तुकवावी लागली. आणि एवढं होऊनही १८१० मध्ये त्याने माल्कमला तिसऱ्यांदा इराणला पाठवलंच, पुन्हा लवाजमा, पुन्हा नजराणे. त्या फेरीचं इराणला काय मिळालं म्हणाल तर बटाटा. तिकडे त्याला 'माल्कमचं आलूबुखार' म्हणायचे. आपल्याकडे पेठ, त्यांच्याकडे बटाटा!

तेहरानच्या वकिलातीचा खर्च लंडनने सोसायचा की हिंदुस्थानच्या तिजोरीने हे भांडण तिथे मिटलं नाही, एकोणिसावं शतक संपत आलं तरी चालूच होतं. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला गेला, तिथल्या इंडिया ऑफिसात (हिंदुस्थानचा कारभार बघणारं लंडनचं खातं) त्याच्यासाठी नाचगाण्याची मोठी मेजवानी झाली आणि बिल लागलं हिंदुस्थानच्या नावावर. पार्लमेंटात हेन्री फॉसेटने यावर आवाज उठवला होता. पुढे खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमलं, त्यात दादाभाई नौरोजी सभासद होते आणि १८९७ मध्ये आपले गोपाळराव गोखले पुण्याहून लंडनला साक्षीला गेले. वय तिशीच्या आसपास, आणि समोर सगळी मुरलेली मंडळी, आकडे बाहेर काढणारी. वाचताना माझा ऊर भरून येतो, पण तो विषय वेगळ्या पोस्टचा.

परत माल्कमकडे. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला तेव्हा माल्कमने वर्षाला आठ लाख पेन्शन कबूल केलं. वरिष्ठ, म्हणजे लॉर्ड हेस्टिंग्ज, वैतागले, इतके कशाला, तो तर घेरलेलाच होता की. पण शब्द गेलेला, मग मंजुरी दिली. बाजीराव बिठूरला जाऊन १८५१ पर्यंत जगला. आठ लाखाने हिशेब करा, अडीच कोटींच्या वर जातो. मंजुरी देणारा गेला, कबूल करणारा माल्कमसुद्धा १८३३ मध्ये गेला, पेन्शन मात्र चालू.

आणि मग गंमत बघा, हाच माणूस मुंबईचा गव्हर्नर झाला तेव्हा काटकसर करायला बसला. लष्करातल्या अधिकाऱ्यांना मिळणारी वरकमाई बंद केली, सगळे त्याच्यावर खवळले. पण एका गोष्टीवर मात्र त्याचा हात पुन्हा सैल सुटला, टपाल. विलायतेची चिठ्ठी आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने सहज लागायचे, ती तांबड्या समुद्रातून आगबोटीने न्यायची असं मुंबई सरकारने मनावर घेतलं. मुंबईच्या गोदीत ४११ टनांची आगबोट बांधली, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, आणि नाव ठेवलं 'ह्यू लिंडसे'. हा लिंडसे कोण? लंडनला बसलेल्या कंपनीच्या डायरेक्टरांपैकीच एक. हे नाव ज्याला सुचलं त्याला मी मानलं, ज्यांच्याकडून बिल पास करून घ्यायचंय त्यांचंच नाव बोटीवर!

तरी उपयोग झाला नाही. २० मार्च १८३० ला कमांडर जॉन विल्सन बोट घेऊन निघाला. बोटीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडनला पोचायला लागणार त्याच्या दुप्पट, म्हणून केबिनी, सलून, डेक, जिथे जागा तिथे कोळसा रचला. उतारू कुठे बसणार? टपाल तरी कुठे ठेवलं असेल असा मला प्रश्न पडतो. एडनला पोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा उरला होता. मग तिथे दिवस-दिवस थांबून कोळसा भरणं, पुढे जेद्दाला तेच, करत करत ३३ व्या दिवशी सुएझ. त्यातले चालण्यात गेलेले दिवस फक्त २१. आणि तो कोळसा यायचा कुठून, तर इंग्लंडहून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला, आणि मुंबईहून पुन्हा जहाजाने एडन-सुएझला. म्हणजे टपाल वाचवत होतं तो वळसा कोळसा घालत होता. डायरेक्टरांनी कपाळावर हात मारला आणि असल्या फेऱ्या परवडणार नाहीत असं कळवलं. मुंबई सरकारने ऐकल्यासारखं केलं आणि फेऱ्या चालू ठेवल्या. कोळशाच्या साठ्यासाठी हक्काची जागा हवी म्हणून शेवटी १८३९ मध्ये एडनच घेऊन टाकलं, आणि मग त्याचा खर्च कुणी करायचा यावर वेगळी भांडणं.

५ डिसेंबर १८३० ला माल्कमने मुंबई कायमची सोडली. विलायतेला निघाला तो याच 'ह्यू लिंडसे'त बसून, तिच्या दुसऱ्याच फेरीत. त्या प्रवासाच्या कोळशाचं बिल कुणाच्या नावे लागलं असेल ते मला राहून राहून बघावंसं वाटतं.