तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं खरं वय किती?

घरी कुणीही आलं की आजीकडं बघून पहिला प्रश्न हाच, नव्वदी पार केली असेल ना, नक्की वय किती? कार्डावर 1 जानेवारी 1935 आहे, पण ती तारीख कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरानं अंदाजानं टाकलेली. आजीचा सगळा हिशोब "तवा"चा.

म्हणजे थोरले काका झाले तवा नवे पैसे आले, ते 1957. धाकटी आत्या अंगावर पीत होती तवा कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटे अंधारात चुलीमागची उतरंड कोसळली आणि ही पोरीला घेऊन अंगणात. 1972 च्या दुष्काळात कामावर खडी फोडताना डाव्या अंगठ्यावर हातोडा बसला, नख मधोमध दुभंगलं ते आजपण तसंच दोन फाकांत वाढतं. तिथं मिळणारी सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून घरी आणायची, हे तिनं नाही, काकांनी सांगितलंय.

माहेर कुंडलजवळ, सासर तिथनं चार मैल. जन्मली सातारा जिल्ह्यात, 1949 ला दक्षिण सातारा झाला, 1960 ला त्याचं सांगली झालं, बाई आपली तिथंच.

अजून मागं गेलं की पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगत क्रांतिकारकांनी आमच्या भागात चालवलेलं सरकार. परकर नेसायची तेव्हा, गवताच्या भाऱ्यात भाकरी लपवून उसात नेऊन ठेवायची, कुणासाठी ते विचारायचं नाही अशी आईची ताकीद. शेणोलीला रेल्वे लुटली 7 जून 1943 ला, त्याची घरातली कुजबुज तिला नीट आठवते, म्हणजे दहा-अकराची तरी असणार, यावरनं मी आपला 1932 च्या आसपासचा जन्म धरतो आणि लोकांना तेच सांगतो. 15 ऑगस्टचं विचारलं तर म्हणते, "शाळंत खाऊ वाटला म्हणं, मी कुठं शाळंत हुते."

पण परवा पुन्हा विचारलं तर वेगळंच बोलली. वाड्यातल्या ब्राह्मणाच्या पोरीशी तिची लई गट्टी, दोघी ओसरीवर सागरगोटे खेळायच्या. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला आणि पाठोपाठ आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटवली, त्यात तो वाडापण गेला. ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी रातोरात निघून गेली, कुठं गेली ते कधीच कळलं नाही. त्या उन्हाळ्यात आजीचं लग्न झालं.

मी म्हटलं, आजी, वयाचं काय?

"तिच्यापरास मी एका पावसाळ्यानं ल्हान. तिच्या आईनं पत्रिका काढून दावलीवती, समदं लिवल्यालं हुतं त्यात. पेटीत ठिवायची ती." मग बराच वेळ अंगठ्याचं नख चोळत बसली. "पेटी भाईर काढाय मिळाली नसंल रं त्यास्नी."